उशीर झाला? होऊ दे की!

वीस-एकविसाव्या वर्षीच ‘आपण मागे पडलो’ असं वाटतंय? मग ‘बेल अँड सबॅस्टियन’चा जानेवारी २०२३ मध्ये आलेला ‘लेट डेव्हलपर्स’ ऐकाच. नावातच आलं ना, उशिरा बहरणारे!

ग्लासगोच्या या बँडचा गायक स्टुअर्ट मर्डॉक आजारपणामुळे काही वर्षं कामच करू शकत नव्हता. मग १९९६ मध्ये पहिला अल्बम ‘टायगरमिल्क’ निघाला, तोही चक्क कॉलेजच्या प्रोजेक्टमधून. प्रती फक्त १०००!

‘लेट डेव्हलपर्स’मध्ये तोच हळुवार सूर आहे, जोडीला चकचकीत सिंथपॉपही. सगळीच गाणी भारी नाहीत. पण २७ वर्षांनंतरही नवं करून बघायची हौस टिकलीय, हे जास्त भारी.

तेव्हा रीलपुरता नको, अख्खा ऐका. आणि तुमचं ते प्रोजेक्ट? मार्कांपुरतं उरकू नका यार!