शीळ घालणारा मुलगा

आज नाताळ. गोठ्यात जन्मलेल्या बालकाच्या स्मरणाचा हा दिवस. बालकाचा उत्सव मांडणाऱ्यांनी दारी आलेल्या बालकाला कसे वागवावे, याचा विचार आज प्रस्तुत ठरेल.

इटलीतील तुरीन नगरात ८ डिसेंबर १८४१ रोजी एक अनाथ, निरक्षर मुलगा चर्चमध्ये शिरला. उपासनेत साहाय्य करता येत नाही, एवढ्या कारणावरून तेथील सेवकाने त्याला मारून पिटाळले. तरुण धर्मगुरू जॉन बॉस्को यांनी त्याला परत बोलावले. वाचता येते का, गाता येते का, या प्रश्नांवर मुलाचे उत्तर नकाराचेच होते. अखेर शीळ घालता येते का, असे विचारताच तो हसला, अशी कथा सांगतात. या मुलापासूनच आपल्या कार्याचा आरंभ झाला, असे बॉस्को मानीत.

कामाच्या शोधात तुरीनला आलेल्या पोरक्या मुलांचे लोंढे त्यांनी पाहिले होते. त्यांतील कित्येकांची अखेर कारागृहात होई, हेही पाहिले होते. म्हणून त्यांनी प्रार्थनेबरोबर खेळ, अक्षरओळख आणि कसब दिले. १८४६ मध्ये वाल्दोक्को येथील एका साध्या छपरीत या मुलांना कायमचा आश्रय मिळाला. बॉस्को यांच्या मातोश्री मार्गारिता यांनी मरेपर्यंत, १८५६ पर्यंत, त्यांचा संसार सांभाळला. उमेदवारीला ठेवलेल्या मुलाला मालकाने शब्दाने सुधारावे, हात उगारू नये आणि सणावारी सुट्टी द्यावी, अशा अटी १८५२ च्या एका करारात आढळतात.

मुलांवर प्रेम असणे पुरेसे नव्हे, ते त्यांना जाणवलेही पाहिजे, हे बॉस्को यांनी १८८४ च्या पत्रात आग्रहाने मांडले. त्यांच्या संघाचे धर्मगुरू १९०६ मध्ये तंजावरला आले. माटुंग्याची त्यांची शाळा मुंबईकरांना सुपरिचित आहे.

अलीकडच्या दशकांत अनेक देशांतील चर्चसंस्थांमध्ये मुलांच्या विश्वासाचा घात झाल्याचे उघडकीस आले. त्यामुळे या शिकवणीचे मोल कमी होत नाही. उलट तिचा विसर किती महाग पडतो, हेच दिसते.

बाळकृष्णाचा पाळणा हलविणाऱ्या आपल्या घरांनीही हे ध्यानी घ्यावे. स्तोत्र चुकले म्हणून देव्हाऱ्यापुढे मार खाल्लेल्या मुलाच्या मनात स्तोत्र राहत नाही, मार राहतो. संस्कार धाकाने पाठ होतात. मनात रुजतात ते मायेनेच.