परसदार : कबरी आणि तिची पिल्लं



गेल्या अंकात आम्ही डेकला रंग लावण्याचे पुराण लावले होते. ते वाचून मंडळाच्या कोजागिरीला एका मित्राने मसाला दूध पिता पिता आम्हाला टोमणा मारला, "वरचं झालं, आता डेकखालचंही लिहा." त्याला बोलायला काय जातं! डेकखालची दोन मंडळी आज त्याच्याच सोफ्यावर झोपा काढतात. तर या वेळी डेकखालचे पुराण.

२०२४ च्या फेब्रुवारीत एका सकाळी डेकवरच्या ताज्या बर्फात पावलांची एक सरळ रांग दिसली. सौ. म्हणाली रॅकून, लेक म्हणाली कोल्हा. दोन दिवसांनी पावलांची मालकीण स्वतःच दिसली. पांढऱ्या अंगावर काळे आणि नारिंगी डाग, बरगड्या मोजून घ्याव्यात अशी एक मांजरी. काचेच्या दारातून आमची नजरानजर झाली मात्र, ती कुंपणापलीकडे पसार.

आता आम्ही पडलो इंजिनिअर. मास्टर्स करायला या देशात आलो तेव्हापासून एक खोड लागली आहे, की समोर अडचण दिसली की त्याच रात्री तिचा प्लॅन करायचा. ट्यूनाचा डबा उघडून बशी डेकवर ठेवली. सकाळी बशी लख्ख! आठवड्यात दारापर्यंत, महिन्यात घरात आणि गुढीपाडव्याला मांडीवर असं वेळापत्रक आम्ही मनाशी आखलं. पाडवा आला नि गेला. मांजरी बारा फुटांच्या आत यायला तयार नाही. आम्ही दार उघडून गोड आवाजात हाका मारायचो, तिच्याकडे प्रेमाने टक लावून बघायचो, आणि ती शेपूट पोटाशी घेऊन पळायची.

एप्रिलमध्ये आई आली. आमची आई चिपळूणकडची. माजघरात, माळ्यावर, भाताच्या कणगीमागे मांजरं व्यालेली बघत तिचा जन्म गेला. तिने आमची ही आराधना दोन दिवस पाहिली आणि तिसऱ्या दिवशी म्हणाली, "अरे, मांजराकडे असं डोळे वटारून काय बघतोस? ते घाबरेल नाहीतर काय! आणि बोलावू नकोस. बशी ठेव, पाठ फिरव, आपलं काम कर." मग स्वतः डेकवर खुर्ची टाकून, मांजरीकडे कुशी करून, शेंगा सोलत बसली. मधून एकदा तिच्याकडे बघायची आणि हळूच डोळे मिटायची.

आम्ही हसलो. पण नंतर वाचलं, की इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठाच्या मंडळींनी नेमका हाच अभ्यास करून २०२० साली छापला आहे. माणसाने सावकाश डोळे मिटून उघडले तर मांजर उलट तसंच करतं आणि जवळ यायला जास्त राजी असतं. आईला सांगितलं तर म्हणाली, "त्याला विद्यापीठ कशाला हवं?"

संध्याकाळी बरोबर सहाला बशी, आणि बशी दर चार दिवसांनी वीतभर अलीकडे. बारा फुटांचे आठ झाले. आईने तिचं नाव ठेवलं कबरी. (अशा तिरंगी मांजरी जवळजवळ नेहमी माद्याच असतात. नारिंगी रंगाचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं आणि नारिंगी व काळा दोन्ही रंग उमटायला एक्सच्या दोन प्रती लागतात. हे जुनंच ज्ञान आहे, पण ते जनुक नेमकं कुठलं हे जपान आणि अमेरिकेतल्या दोन गटांनी २०२५ साली दाखवलं. लेकीला हे समजावताना आमचा अर्धा रविवार गेला.)

मेच्या सुरुवातीला एके दिवशी आई म्हणाली, "व्याली बरं का कबरी. पोट बघ." आम्ही बॅटरी घेऊन शोधायला निघालो तर आईने हटकलं. मांजरीला संशय आला की ती सात घरं हिंडवते पिल्लांना, म्हणून जायचं नाही. गेलो नाही. शेजाऱ्यांच्या शेडखालून ती येते-जाते एवढं लांबून कळलं.

पुढे जे झालं ते लिहिणं जिवावर येतं, पण लिहायला हवं.

मेच्या शेवटी दोन दिवस धो धो पाऊस पडला. शेडखाली पाणी शिरलं असणार, कारण कबरी एकेक पिल्लू मानगुटीला धरून आमच्या डेकखाली आणत होती. तीन आणली. चौथं संध्याकाळी आम्हाला कुंपणाशी गवतात सापडलं. तीनेक आठवड्यांचं, कान नुकते उभे राहिलेले, आणि अंग फ्रीजमधून काढलेल्या बटाट्यासारखं गार. घरात दूध असताना पिल्लू उपाशी कसं राहील? आम्ही गॅलनमधलं दूध कोमट केलं, पिल्लाला तान्ह्या बाळासारखं उताणं मांडीवर घेतलं आणि ड्रॉपरने पाजलं. प्यायलंही बिचारं. आम्हाला धन्य धन्य वाटलं.

रात्री जुलाब सुरू झाले. सकाळी डॉक्टरकडे धावलो. त्यांनी त्वचेखाली सलाईन दिलं, आणि कुठलं दूध पाजलं हे दोनदा विचारलं. दुसऱ्या रात्री पिल्लू गेलं.

एका कपभर दुधात आम्ही तीन चुका केल्या होत्या. गार पडलेल्या पिल्लाला आधी हळूहळू ऊब द्यायची असते, अंग गरम झाल्याशिवाय पोटात काही घालायचंच नाही, कारण त्याला ते पचत नाही. गाईचं दूध तर पाजायचंच नाही. त्यातली साखर त्यांना सोसत नाही, जुलाब होतात आणि एवढ्याशा जिवातलं पाणी बघता बघता निघून जातं. पिल्लांसाठी वेगळी दूधपावडर दुकानात मिळते, ती कोमट पाण्यात कालवून द्यायची. आणि पाजायचं ते पालथं, आईला लुचताना असतं तसं. उताणं पाजलं की दूध फुप्फुसात जाण्याची भीती. आई त्या दिवशी काही बोलली नाही. गुलाबाच्या वाफ्याजवळ खड्डा केला तेव्हा तिने कुंडीतल्या तुळशीची दोन पानं वर ठेवली. खूप वेळाने म्हणाली, "आमच्याकडची प्यायची रे दूध. पण त्यांची आई असायची जवळ."

यानंतर मात्र आम्ही शहाणपण गुंडाळून ठेवलं आणि चार घरं सोडून राहणाऱ्या एका निवृत्त नर्सबाईंना शरण गेलो. बाई गेली कित्येक वर्षं गल्लीतली मांजरं पकडून, नसबंदी करून, पुन्हा सोडतात. या पद्धतीचा या देशात १९९० पासून 'ॲली कॅट अलाइज' या संस्थेने बराच प्रचार केला आहे. बाईंनी आम्हाला चहा दिला आणि फैलावर घेतलं. "नुसतं खायला घालताय? मग पुढच्या वर्षी मोजायला बोटं पुरणार नाहीत." मांजरी नऊ आठवड्यांत विते, आणि पिल्लं अंगावर पीत असतानाच पुन्हा गाभण राहू शकते, हे आम्हाला त्या दिवशी कळलं.

बाईंनी आणखी एक फरक सांगितला. घरातून हरवलेलं किंवा टाकलेलं मांजर बुजलं तरी माणूस ओळखतं, कधीतरी शेपटी उंच करून म्याव करत येतं. जन्मापासून माणसाचा हातच न लागलेलं मांजर वेगळं. कबरीने चार महिन्यांत आमच्याशी एकदाही तोंड उघडलं नव्हतं. तिला घरात कोंडली तर ती पलंगाखाली भीतीने जगेल. तिचं घर ते परसच. पिल्लांची गोष्ट निराळी. फिलाडेल्फियाच्या टेंपल विद्यापीठात आयलीन कार्श यांनी १९८० च्या दशकात दाखवून दिलं, की दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात पिल्लाला माणसाचा हात लागला तर ते माणसाळतं. ते दार पुढे भराभर मिटत जातं. आमची पिल्लं तेव्हा पाचव्या आठवड्यात होती.

त्या रात्री जेवणाच्या टेबलावर बैठक झाली. आईचा विरोध. "आईपासून तोडायची?" आम्ही आठवड्यांचा हिशोब मांडला, थंडी सांगितली, रस्त्यावरच्या गाड्या सांगितल्या. आईने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "बरोबर आहे तुझं. आणि तिचं काय?" यावर आमच्याकडे आलेख नव्हता.

पिल्लं खायला शिकेपर्यंत आठवडाभर थांबलो. बाईंनी जाळीचा लांबट पिंजरा दिला, आत पाय पडला की मागचं दार पडतं असा. आदल्या संध्याकाळी बशी बंद ठेवायची, तळाला वर्तमानपत्र, टोकाला तेलातले सार्डिन. पहिल्या रात्री खट् आवाज झाला म्हणून धावलो, तर आत एक ओपॉसम, तोंड सार्डिनने माखलेलं, आणि दार उघडलं तरी निघायला तयार नाही! दुसऱ्या रात्री कबरी सापडली. जाळीवर अशा धडका घ्यायला लागली की आमचे पाय कापायला लागले. "झाका, झाका" एवढंच बाई म्हणाल्या. आईने आतून सोलापुरी चादर आणून टाकली. अंधार होताच कबरी गप्प. पिल्लं मात्र लहान मुलांच्या चिकन प्युरीला भुलली. दोन हाताने धरली, तिसऱ्याने जाड हातमोज्यातूनही आमचा अंगठा फोडला.

सकाळी कबरीची शस्त्रक्रिया झाली, रेबीजची लस टोचली, आणि भूल होती तेवढ्यात डाव्या कानाचं टोक सरळ रेषेत कापलं. हे झालेल्या मांजराची खूण, लांबून दिसते, म्हणजे पुन्हा पकडून त्याचे हाल होत नाहीत. आई म्हणाली, "आपल्याकडे कान टोचतात, इथे कापतात." रात्रभर गराजमध्ये ठेवून दुसऱ्या सकाळी पिंजरा परसाकडे तोंड करून उघडला. बाण सुटावा तशी गेली.

पिल्लं खालच्या बाथरूममध्ये. त्या रात्री कबरी त्या खिडकीखाली आली आणि बोलली. चार महिने मुकी असलेली कबरी आखूड, घोगऱ्या आवाजात हाका मारत होती. आतून तिघं उत्तर द्यायची. दुसऱ्या रात्रीही तसंच. आई पॅसेजमध्ये मोडा टाकून बसली होती, झोपायला जाईना. तिसऱ्या रात्री आवाज आला नाही. आम्ही म्हटलं, "विसरली बहुतेक." आई म्हणाली, "विसरत नाहीत रे. हाका मारायचं सोडतात."

आम्ही वर्तमानपत्र बदलायला उठलो.

लेकीने पिल्लांची नावं ठेवली पोहे, उपमा आणि नारिंगीचं शिरा. पहिले चार दिवस तिघं टबामागून फिस्कारत होती. बाईंचा मंत्र असा, की खाणं चमच्यावरूनच द्यायचं, म्हणजे हात आणि खाणं यांची गाठ बसते. टॉवेलात गुंडाळून रोज थोडं मांडीवर घ्यायचं, आणि माणसाचा आवाज सतत कानावर पडू द्यायचा. लेकीने त्यांना मंडळाच्या मराठी शाळेचा गृहपाठ मोठ्याने वाचून दाखवला. 'ळ' आणि 'ण' तिचे त्या जूनमध्ये सुधारले, हा वरचा फायदा. आम्ही स्वयंपाकघरातल्या काट्यावर रोज वजन करून तक्ता ठेवला. दिवसाला दहा-पंधरा ग्रॅम वाढलं की ठीक चाललंय समजायचं. सहाव्या दिवशी शिरा लेकीच्या ओच्यात झोपला आणि घुरघुरायला लागला. लेक अर्धा तास हलली नाही, तिच्या पायाला मुंग्या आल्या तरी.

दोन पौंड वजन झाल्यावर त्यांचीही शस्त्रक्रिया उरकली. पोहे-उपमा जोडीने त्या टोमणेवाल्या मित्राकडे गेले, शिरा शेजारच्या गावी एका गुजराती कुटुंबात गेला. घरी एकही राहिलं नाही, कारण सौ. दीड महिना शिंकत होती. (ॲलर्जी केसांची नसते, मांजराच्या लाळेतल्या आणि कातडीतल्या प्रथिनाची असते. म्हणून केस काढून काही उपयोग नाही. विचारून झालं आहे.)

कबरी सुटल्यावर पाचव्या दिवशी संध्याकाळी सहाला कुंपणावर हजर झाली. बशीपासून बारा फुटांवर. पुन्हा पहिल्यापासून.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला आईचे सहा महिने भरले. विमानतळावर जाताना गाडीत बजावून गेली, "तिला थंडीत अंथरूण घालू नकोस हो, ओलं धरतं. पेंढा घाल." नर्सबाईंनीही तंतोतंत हेच सांगितलं. चादर नको, हिरवट वाळलं गवतही नको, ते पाणी शोषतं. पोकळ काड्यांचा पेंढा कोरडा राहतो आणि मांजर त्यात शिरून बसतं. हॅलोविनच्या सजावटीसाठी पेंढ्याच्या गाठी दुकानांत येतात, त्यातली एक आणली. झाकणाच्या प्लॅस्टिकच्या खोक्याला आतून फोम लावला, सहा इंचांचं दार कापलं, खोकं विटांवर ठेवलं आणि पेंढ्याने भरलं. २०२५ च्या जानेवारीत बर्फ पडलं त्या सकाळी पावलांची रांग थेट खोक्याच्या दारात गेलेली दिसली. बाहेर येणारी रांग नव्हती. आम्ही कामाला निघताना बॉनेटवर दोन थापा मारल्या, कारण इंजिनच्या उबेला मांजरं आत शिरून बसतात, मग गाडी सुरू केली.

हल्ली ती चार फुटांवर येते. हात लावू देत नाही. आईचा रविवारी फोन येतो तेव्हा पहिला प्रश्न तिचाच, "बाहेरची बाई जेवली का?" मग नात, मग सून, मग आम्ही.

एक सूचना राहिली. बाईंचा पिंजरा परत करून आम्ही स्वतःचा विकत घेतला आहे आणि तो गराजमध्ये पडून आहे. कुणाच्या डेकखाली हालचाल असेल तर पाडव्याच्या कार्यक्रमाला सांगा, गाडीत घालून आणू. चादर ज्याची त्याने आणायची. आणि परत करताना सार्डिनचा वास तेवढा धुऊन द्या, मागच्या वेळी गराजमध्ये ओपॉसम येऊन गेलं.