घरबसल्या विद्या, पण कोणाच्या घरीं ?

‘घरबसल्या पदवी मिळवा’ अशा जाहिराती हल्लीं मोबाइलवर सारख्या येऊन पडतात. त्या वाचून आमचे कांहीं वाचक हरखून जातात, तर कांहीं शहाणे नाक मुरडून म्हणतात कीं, कॉलेजची पायरी न चढतां मिळालेली पदवी ती काय पदवी ! आम्हांस हे दोन्ही पक्ष मान्य नाहींत.

नाक मुरडणारांस एक जुनी हकीकत सांगूं. सन १८८२ सालीं जोतीराव फुले यांनीं हंटर कमिशनपुढें जें निवेदन दिलें, त्यांतील प्राथमिक शिक्षणाची मागणी सर्वांच्या तोंडीं आहे. पण त्याच निवेदनांत दुसरी एक मागणी आहे, तिची आठवण फारसें कोणी काढीत नाहीं. मुंबई युनिव्हर्सिटीनें खासगी रीतीनें शिकणारांस मॅट्रिकच्या परीक्षेस बसण्याची मोकळीक दिली होती. ती जोतीरावांनीं वाखाणली, आणि बी. ए., एम. ए. च्या परीक्षांसही तीच मोकळीक द्या असें मागितलें. पुष्कळांस नाना अडचणींमुळें कॉलेजांत जाणें अशक्य असतें. त्यांचा घरचा अभ्यास मान्य केला तर विद्या पसरेल व सरकारी तिजोरीवरचा भारही हलका होईल, असें त्यांचें म्हणणें. तेव्हां दूरशिक्षण म्हणजे कोणा कंपनीनें काल काढलेली टूम नव्हे. दिल्ली विद्यापीठानें टपालाचे वर्ग १९६२ सालीं काढले, मुंबईनें १९७१ सालीं, आणि नाशिकचें यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ सालीं निघालें. म्हणजे जोतीरावांच्या मागणीस पुष्कळ वर्षें वाट पाहावी लागली !

ह्या मुक्त विद्यापीठानें दोन कामें फार चांगलीं केलीं. पदवीचा अभ्यास मराठी पुस्तकांतून दिला, आणि ज्यांची शाळा मध्येंच सुटली त्यांच्यासाठीं पूर्वतयारीचा शिक्षणक्रम काढून पदवीचें दार उघडलें. सावंतवाडींत श्रीपंचम खेमराज महाविद्यालय आहे खरें. पण पहाटे उठून गोव्यास कामावर जाणारा पोरगा, काजूच्या कारखान्यांत बी सोलणारी बाई, एस. टी. चा कंडक्टर, लग्न होऊन चौकुळास नांदणारी मुलगी, ह्यांना तेथल्या दिवसाच्या वर्गांत बसणें कसें जमावें ? अशांनीं रात्रीं चूल आवरल्यावर पुस्तक उघडलें, तर त्या पदवीला हलकी म्हणण्याचा अधिकार कोणास आहे ? विद्यापीठ अनुदान आयोगानेंही २०२२ सालीं जाहीर केलें कीं, मान्यताप्राप्त संस्थेची दूरशिक्षणाची पदवी नेहमींच्या पदवीच्या बरोबरीची आहे.

आतां हरखून जाणारांकडे वळूं. ‘घरबसल्या’ म्हणतां, पण कोणाच्या घरीं ? २०२० सालीं कॉलेजें बंद झालीं, तेव्हां आमच्या ह्या सिंधुदुर्ग जिल्ह्यांत रेंज मिळावी म्हणून भर पावसांत डोंगरावर खोपट घालून शिकावें लागलें. ज्याच्या घरीं वेगळी खोली, वीज आणि पुस्तकांचें कपाट आहे त्याला घर हेंच कॉलेज होतें. ज्याच्या घरीं एकच पडवी आणि एकच फोन, व तो फोनही बापाबरोबर कामावर जातो, त्यानें काय करावें ? राजर्षि शाहू महाराजांनीं १९०१ सालीं कोल्हापुरास मराठा बोर्डिंग काढलें व पुढें निरनिराळ्या जातींचीं वसतिगृहें उभीं केलीं, तीं कांहीं हौसेनें नव्हेत. नुसती फी माफ करून भागत नाहीं. गरिबाच्या पोराला अभ्यासाला जागा, दिव्याखालीं बसायला सोबत आणि अडलें तर विचारायला मास्तर लागतो, हें त्यांनीं ओळखलें होतें.

दुसरी गोष्ट फसवणुकीची. कांहीं अभिमत विद्यापीठांनीं परवानगीशिवाय टपालानें इंजिनियर केले. २०१७ सालीं सर्वोच्च न्यायालयानें २००१ ते २००५ ह्या काळांतील त्या पदव्या स्थगित ठेवून त्या लोकांस पुन्हां परीक्षा द्यावयास लावली. पोराबाळांचे धनी झालेले लोक पुन्हां परीक्षेला ! दलालांनीं आपली दलाली केव्हांच खिशांत घातली होती. म्हणून आमच्या बंधुभगिनींनीं पैसे भरण्यापूर्वीं त्या संस्थेचें व त्या अभ्यासक्रमाचें नांव आयोगाच्या यादींत आहे कीं नाहीं तें स्वतः पाहावें. एजंटाच्या गोड बोलण्यावर जाऊं नये.

सर्वांत मोठें भय आम्हांस निराळेंच वाटतें. जोतीरावांनीं तिजोरीचा भार हलका होईल म्हटलें, तें वरच्या वर्गांच्या कॉलेजांवर उधळला जाणारा पैसा खेड्यांतल्या शाळांस मिळावा म्हणून. तेवढाच अर्धा मुद्दा उचलून उद्यां कोणी म्हणूं लागेल कीं, खेड्यांतल्या पोरांना कॉलेज कशाला, वसतिगृह कशाला, त्यांच्यासाठीं दूरशिक्षण आहेच ! श्रीमंताच्या मुलाला प्रयोगशाळा आणि प्रोफेसर, आणि आमच्या मुलाला पोस्टानें आलेला गठ्ठा, अशी दोन पंगतींची वाटणी आम्ही चालूं देणार नाहीं.

ह्यावर उपाय फार खर्चाचा नाहीं. रविवारीं गांवोगांवच्या शाळांना कुलूप असतें. तेथें संपर्कवर्ग भरवावे, शिकवणारास पुरता मेहनताना द्यावा, पुस्तकें परीक्षेच्या आधीं हातीं पडावीं, आणि परीक्षेपुरती तरी तालुक्याच्या गांवीं राहण्याची सोय व्हावी. मतें मागायला पुढारी आंबोली-चौकुळापर्यंत घाट चढून येतात. ह्या खेपेस आले म्हणजे त्यांना चहा द्यावा, बसवावें, आणि घाटावरच्या मुलींसाठीं संपर्कवर्ग कोणत्या शाळेंत व कोणत्या रविवारपासून भरणार तें विचारून घ्यावें.