कांदापट्ट्याचे दोन कौल

लोकसभेची निवडणूक ही नेत्यांची लढाई असते आणि धोरणांची चर्चा वर्तमानपत्रांच्या पानांपुरतीच असते, हे राजकीय पंडितांचे लाडके गृहीतक आहे. मतदार चेहरा पाहतो, जात पाहतो, फार तर गावातला रस्ता झाला की नाही हे पाहतो. आयात-निर्यातीच्या अधिसूचना त्याच्या गावीही नसतात, असे या गृहीतकाचे सार. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत नाशिक जिल्ह्याच्या कांदापट्ट्याने या समजुतीला सुरुंग लावला. त्यानंतर अवघ्या सहा महिन्यांत विधानसभेला याच पट्ट्याने नेमका उलटा कौल दिला, तेव्हा मतदाराची स्मरणशक्ती अल्प असते, असे सांगून पंडित मोकळे झाले. पण हे दोन्ही कौल एकत्र वाचले तर वेगळेच चित्र दिसते. मतदार काही विसरला नव्हता. त्याला दोन वेळा दोन वेगळे प्रश्न विचारले गेले आणि त्याने त्यांची दोन वेगळी उत्तरे दिली.

घटनाक्रम मुळातून पाहण्यासारखा आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्र सरकारने कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावले. नाशिक जिल्ह्यातील बाजार समित्यांत लिलाव बंद पडले, तेव्हा केंद्राने क्विंटलला २,४१० रुपये दराने सरकारी खरेदीची घोषणा केली. ऑक्टोबरअखेर टनाला ८०० डॉलर हे किमान निर्यात मूल्य ठरवण्यात आले आणि ८ डिसेंबर रोजी निर्यातच बंद झाली. शेतातला लाल कांदा बाजारात येण्याचे हे दिवस. लासलगावचे भाव काही आठवड्यांत निम्म्यावर आले. ही बंदी ३१ मार्च २०२४ पर्यंतच आहे, या आशेवर शेतकरी उन्हाळ कांद्याकडे डोळे लावून बसला होता. परंतु लोकसभा निवडणूक जाहीर झाल्यावर त्याच मार्चमध्ये बंदीची मुदत पुढील आदेशापर्यंत वाढवण्यात आली.

कांदापट्ट्यातील निवडणुकीची चर्चा खऱ्या अर्थाने येथून सुरू झाली. लिलावासाठी उभ्या ट्रॅक्टरांच्या रांगांत, चहाच्या टपऱ्यांवर आणि लग्नाच्या मांडवांत एकीकडे नेतृत्वाचा मुद्दा होता. जानेवारीत अयोध्येत प्राणप्रतिष्ठा झाली होती, ३७० वे कलम गेले होते आणि दिल्लीत खंबीर पंतप्रधान हवा, असे मानणाऱ्यांची संख्या या पट्ट्यात कधीच कमी नव्हती. दुसरीकडे चाळीत भरलेला कांदा होता. देशाचा नेता निवडायचा की कांद्याचा हिशेब मागायचा, हा पेच घराघरांत होता. शिवाय खासदाराला दोष द्यावा की दिल्लीला, हा पोटप्रश्नही होताच. दिंडोरीच्या तत्कालीन खासदार भारती पवार या केंद्रात आरोग्य राज्यमंत्री होत्या. वाणिज्य खाते त्यांच्याकडे नव्हते. मात्र केंद्रात आपला मंत्री असूनही निर्णय थांबत नसेल, तर त्या मंत्रिपदाचा उपयोग काय, असा प्रश्न मतदाराला पडला, तर त्याला अडाणीपणा म्हणता येणार नाही.

या पट्ट्याला पडलेले भाव नवे नव्हते, ही बाब येथे लक्षात घ्यायला हवी. २०१८ च्या अखेरीस कांदा कवडीमोल झाला होता. निफाड तालुक्यातील एका शेतकऱ्याने साडेसात क्विंटल कांद्याचे हाती आलेले १,०६४ रुपये पंतप्रधानांना मनिऑर्डरने पाठवले, त्याची देशभर चर्चा झाली. तरीही काही महिन्यांनी, २०१९ च्या लोकसभा निवडणुकीत, नाशिक आणि दिंडोरी या दोन्ही जागा तेव्हाच्या भाजप-शिवसेना युतीनेच जिंकल्या. मग २०२४ मध्ये असे काय वेगळे घडले? फरक भावात नव्हता, भाव पडण्याच्या कारणात होता. आवक वाढली, मागणी घटली आणि भाव कोसळला, तर शेतकरी नशिबाला, पावसाला वा व्यापाऱ्याला बोल लावतो. डिसेंबर २०२३ मध्ये भाव पाडणाऱ्या कारणाला तारीख होती, अधिसूचना क्रमांक होता आणि खाली सही होती. बाजाराचा फटका मतदार सोसतो. निर्णयाचा फटका तो लक्षात ठेवतो.

त्यातच एप्रिलच्या अखेरीस गुजरातमधील दोन हजार टन पांढऱ्या कांद्याच्या निर्यातीला परवानगी देण्यात आली. प्रमाण किरकोळ असले तरी परिणाम मोठा झाला. तोवरचा प्रश्न भावाचा होता, तो एका अधिसूचनेने न्यायाचा झाला. दोनच दिवसांनी सहा देशांना ९९,१५० टन कांदा पाठवण्यास मान्यता असल्याचे सांगण्यात आले आणि ४ मे रोजी बंदी उठलीही. मात्र ५५० डॉलरचे किमान निर्यात मूल्य आणि ४० टक्के शुल्क यांच्यासह. २० मे रोजी मतदान होते. मतदानाच्या तोंडावर उठलेल्या बंदीने शेतकऱ्याला दिलासा मिळण्याऐवजी एवढेच पटले, की बंदी उठवणे सरकारच्या हातात होते. १५ मे रोजी पिंपळगाव बसवंत येथे पंतप्रधान नरेंद्र मोदी यांचे भाषण चालू असताना सभेतल्या एका तरुणाने कांद्यावर बोलण्याची मागणी केली. नेता आणि धोरण यांच्यातली जी चर्चा महिनोन्महिने पारांवर चालली होती, ती त्या क्षणी व्यासपीठापर्यंत पोहोचली.

पर्याय कितपत विश्वासाचा, हेही मतदाराने चाचपले नव्हते असे नाही. निर्यातबंदी हा काही एकाच पक्षाचा शोध नव्हे. डिसेंबर २०१० मध्ये संयुक्त पुरोगामी आघाडीच्या सरकारनेही निर्यात थांबवली होती आणि त्या वेळी शरद पवार केंद्रीय कृषिमंत्री होते. सत्ताधाऱ्यांनी या इतिहासाची आठवण करून दिली आणि ती खोटी नव्हती. परंतु २०१९, २०२० आणि २०२३ अशा तीन बंद्या ताज्या असताना २०१० चा दाखला उत्तर म्हणून पुरत नव्हता. मतदाराने पर्यायाला प्रशस्तिपत्र दिले नाही. सत्तेकडे जाब मागितला.

निकाल सर्वज्ञात आहे. दिंडोरीत शरद पवार यांच्या पक्षाचे भास्कर भगरे हे शिक्षक उमेदवार १ लाख १३ हजारांहून अधिक मतांनी निवडून आले. याच आडनावाच्या एका अपक्ष उमेदवाराला ‘तुतारी’ हे चिन्ह मिळाले होते आणि त्याला लाखावर मते पडली. पक्षाचे चिन्ह ‘तुतारी वाजवणारा माणूस’ असल्याने झालेल्या गोंधळाचा तो परिणाम, असे सर्वत्र मानले गेले. म्हणजे धोरणावर महिनोन्महिने चर्चा करणाऱ्या पट्ट्यातही मतदानयंत्रासमोर चिन्हाची गफलत होऊ शकते. नाशिकमध्ये शिवसेना ठाकरे गटाचे राजाभाऊ वाजे यांनी हेमंत गोडसे यांचा १ लाख ६२ हजार मतांनी पराभव केला. अर्थात सारे श्रेय कांद्याला देणे हाही भाबडेपणा ठरेल. नाशिकमध्ये महायुतीचा उमेदवार मे उजाडेपर्यंत ठरत नव्हता, मराठा आरक्षणाचा प्रश्न धुमसत होता, पक्षफुटीचा राग होता. तरीही कांद्याने फटका दिल्याची कबुली निकालानंतर खुद्द महायुतीच्या नेत्यांनीच दिली.

आता नोव्हेंबर २०२४ च्या निकालाकडे वळू. विधानसभेला नाशिक जिल्ह्यातील १५ पैकी १४ जागा महायुतीने जिंकल्या. मालेगाव मध्यची जागा तेवढी एमआयएमकडे राहिली. मधल्या काळात दोन गोष्टी घडल्या होत्या. १३ सप्टेंबर रोजी केंद्राने किमान निर्यात मूल्य रद्द केले आणि शुल्क २० टक्क्यांवर आणले. निवडणुकीच्या वेळी कांद्याला भावही चांगला होता. शिवाय राज्य सरकारच्या लाडकी बहीण योजनेचे दरमहा १,५०० रुपये घरातील महिलेच्या खात्यात जमा होऊ लागले होते. निर्यातीचा निर्णय दिल्लीचा, त्याचा हिशेब लोकसभेला झाला. खात्यात आलेले पैसे मुंबईचे, त्यांचा हिशेब विधानसभेला झाला. यात विस्मरण नाही, उलट कोणत्या दारावर कोणता जाब मागायचा याचे भान आहे.

मात्र मतदाराचे शहाणपण येथे संपते आणि राज्यकर्त्यांच्या शहाणपणाचा प्रश्न सुरू होतो. लोकसभेच्या पराभवातून सत्ताधाऱ्यांनी धडा घेतला, पण तो धोरणाचा नव्हे, वेळापत्रकाचा. निवडणुकीच्या तोंडावर निर्यात रोखू नये, एवढाच. विरोधकांनीही निकालाचा आनंद साजरा केला; परंतु शहरात भाव भडकले तर आपण काय करू, हे सांगण्याचे टाळले. कारण तो प्रश्न अवघड आहे आणि जुनाही. १९८० च्या लोकसभा निवडणुकीत इंदिरा गांधींनी महागलेल्या कांद्याचा मुद्दा केला. त्याच सुमारास चाकणला रास्त भावासाठी कांदा उत्पादक रस्त्यावर उतरत होते आणि त्यातून शरद जोशी यांची शेतकरी संघटना आकाराला येत होती. १९९८ मध्ये महाग कांद्याने दिल्लीत सुषमा स्वराज यांचे सरकार घालवले. महाग कांदा शहरात सत्ता घालवतो आणि स्वस्त कांदा नाशकात खासदार पाडतो. शहरांचा आवाज मोठा असल्याने आजवर प्रत्येक सरकारने संकटात उत्पादकाचाच हात पिरगाळला.

१ एप्रिल २०२५ रोजी उरलेले २० टक्के शुल्कही गेले. निर्यात खुली झाली, तरी त्या वर्षी भाव पडलेलेच राहिले. ग्राहक देशांनी दुसरे पुरवठादार शोधायचे ठरवले, की एका अधिसूचनेने गेलेली बाजारपेठ दुसऱ्या अधिसूचनेने परत येत नाही. पुरेशी साठवणूक, पेरणीआधी जाहीर होणारे आणि वर्षभर न बदलणारे निर्यात धोरण, शहरी गरिबांना थेट मदत, हे मार्ग कोणाला ठाऊक नाहीत असे नाही. त्यांचा खर्च उचलण्याचे लेखी वचन मात्र हवे. २०२९ च्या लोकसभा निवडणुकीत नेते पुन्हा या पट्ट्यात येतील. कांदा महागला तर सरकार काय करणार, या प्रश्नाचे उत्तर ते भाव चढलेले नसतानाच देतात का, यावर पारांवरची चर्चा वाया गेली की नाही, हे ठरेल.