धान्य महागते, वासरू स्वस्त होते

महागाईविरोधी लढे समाजवादी चळवळीला नवे नाहीत. 1972 साली मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आदींच्या पुढाकाराने महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी राहिली आणि हातात लाटणे घेऊन रस्त्यावर आलेल्या स्त्रियांनी सरकारला धान्याचा, तेलाचा, रॉकेलचा जाब विचारला. त्या लढ्याने चुलीचा हिशेब राजकारणात आणला, हे त्याचे मोठे श्रेय. परंतु खेड्यातील घराला चुलीच्या मागे एक गोठाही असतो, आणि त्या गोठ्याचा हिशेब मात्र कोणत्याच मोर्च्याच्या फलकावर आजवर चढलेला नाही. धान्य महागले की माणसाच्या ताटात काय कमी होते, हे सर्वांना ठाऊक आहे. त्याच वेळी दावणीला बांधलेल्या वासराचा भाव का कोसळतो, हे विचारण्याची तसदी कोणी घेत नाही. आज तो प्रश्न विचारण्याची वेळ आली आहे.

सिंधुदुर्ग जिल्ह्याचा किनारपट्टा पाहावा. मालवण, देवगड, वेंगुर्ले या तालुक्यांतील कातळाचे सडे पावसाळ्यात हिरवे होतात, दिवाळीनंतर पिवळे पडतात आणि शिमग्यापर्यंत उघडे बोडके होतात. भाताचे तुकडे लहान आणि बहुतेक ठिकाणी पीक एकच. या प्रदेशात गाय पोसली जात होती ती घरच्या उरल्यासुरल्यावर. भाताचा पेंढा, गिरणीतून परत आलेला कोंडा, पेजेची निवळ, घाण्यावरची खोबऱ्याची पेंड, हाच तिचा खुराक. गाय दूध थोडेच देई, पण तिच्यासाठी बाजारात पैसा मोजावा लागत नसे. गोऱ्हा झाला तर तो जोताला लागे, शेण शेताला जाई. धान्याच्या भावाशी या गोठ्याचा संबंध जवळजवळ नव्हता.

तो काळ सरला. बुटक्या सुधारित जातींनी भात वाढवले, पण पेंढा घटवला. खोबऱ्याला 2025 साली चढलेल्या भावाने पेंडही श्रीमंतांची वस्तू करून टाकली. चाकरमान्यांच्या घरांत गवत कापायला माणूस उरला नाही. कर्ज काढून आणलेली संकरित गाय कोंड्यावर आणि निवळीवर दूध देत नाही, तिला पोत्यातली पेंड लागते. पोत्यातील पेंड म्हणजे मका, कोंडा, सरकी आणि सोयाबीन. अशा रीतीने मालवणच्या वाडीतील गोठा देशाच्या धान्यबाजाराला बांधला गेला, आणि त्या बाजारावर त्या वाडीचे नियंत्रण मात्र शून्य आहे.

साधा हिशेब मांडावा. दिवसाला सहा लिटर दूध देणाऱ्या गाईला शरीरपोषणासाठी दीड किलो आणि दर अडीच लिटर दुधामागे एक किलो, म्हणजे सुमारे चार किलो खुराक लागतो. पेंड किलोमागे पाच रुपयांनी महागली तर दिवसाला वीस रुपये, म्हणजे लिटरमागे तीन रुपयांहून अधिक बोजा वाढला. दुधाचा भाव तेवढ्याने वाढतो काय? वाढला असता तर जानेवारी 2024 मध्ये राज्य सरकारला गाईच्या दुधाला लिटरमागे पाच रुपये अनुदान जाहीर करावे लागले नसते, आणि त्याच वर्षी ते सात रुपयांवर न्यावे लागले नसते. भाव ठरवितो तो संघ किंवा डेअरी, पेंडीचा दर ठरवितो तो कारखानदार. दोन्हींच्या मध्ये उभ्या असलेल्या बाईच्या हाती कमी करण्याजोगी एकच गोष्ट उरते. ती म्हणजे वासराच्या वाट्याचे दूध.

पंचवीस किलोच्या वासराला वजनाच्या एक दशांश, म्हणजे अडीच लिटर दूध रोज मिळाले पाहिजे. लिटरला तीस रुपये धरले तर दिवसाला पंच्याहत्तर आणि दोन महिन्यांत साडेचार हजार रुपये झाले. हे वासरू गोऱ्हा असेल तर त्याच्या अंगी साडेचार हजार रुपये ओतून पुढे हाती काय येणार? म्हणून आचळ सोडविले जाते आणि वासराला दाखविण्यापुरतेच लावले जाते. त्याला कोणी मारीत नाही, ते खंगत जाते. यात निष्ठुरता शोधणाऱ्यांनी आधी हा हिशेब खोटा ठरवून दाखवावा.

आता बाजाराकडे वळावे. वासराचा भाव स्वतंत्र नसतो. मोठ्या जनावराला जो भाव येईल त्यातून त्याला वाढविण्याचा खर्च वजा जाता जे उरते, तोच वासराचा भाव. उदाहरणादाखल समजा की बैलाला तीस हजार येतात आणि त्याला वाढवायला बावीस हजार लागतात, तर वासराला आठ हजार देणारा गिऱ्हाईक भेटेल. चारा-खुराक एक पंचमांशाने महागला की खर्च साडेसव्वीस हजारांच्या घरात जातो आणि वासराचे मोल साडेतीन हजारांवर येते. धान्य वीस टक्क्यांनी चढले, वासरू निम्म्याहून अधिक उतरले! अमेरिकेतील मक्याच्या आणि वासरांच्या बाजारात हा उलटा संबंध पिढ्यान्‌पिढ्या दिसत आला आहे. फरक एवढाच की तेथील पशुपालकाला वायदेबाजार आणि विमा यांचा आडोसा आहे, मालवणच्या पशुपालकाला रुमालाखाली बोटे दाबणाऱ्या दलालाचा.

या संबंधाची भीषण बाजू अमर्त्य सेन यांनी 1981 साली दुष्काळांवरील आपल्या ग्रंथात दाखवून दिली. इथिओपियातील 1970 च्या दशकातील दुष्काळात गुरे पाळणारे लोक उपाशी मेले, कारण त्यांची गुरे तर मेलीच, पण उरलेल्या गुरांच्या बदल्यात मिळणारे धान्यही कमी झाले. धान्य चढते तेव्हा सर्वांनाच एकदम जनावर विकायचे असते आणि घ्यायला कोणीच नसतो. 1972 च्या दुष्काळात घाटावरील बाजारांत हेच घडले. सिंधुदुर्गात आज दुष्काळ नाही. पण भाववाढ दुष्काळाचेच काम हळूहळू करीत असते.

वासराच्या मोलातून खर्च वजा करताना दुसरी बाजूही पाहिली पाहिजे, ती म्हणजे मोठ्या जनावराला येणारा भाव. जोताचा भाग पॉवर टिलरने खाल्ला. कोकणात दिवाळीच्या पाडव्याला गुरे पूजिली जातात, पण दुसऱ्या दिवशी जोताला लावायला बैल लागत नाहीत. 2019 च्या पशुगणनेत देशातील गाई सुमारे अठरा टक्क्यांनी वाढल्या आणि नर गोवंश सुमारे तीस टक्क्यांनी घटला. निसर्गात नर आणि मादी जवळपास सारख्याच जन्माला येतात. मग हे कोट्यवधी गोऱ्हे गेले कोठे, हा प्रश्न गोरक्षणाच्या व्यासपीठावरून कधी विचारला गेला आहे काय?

जोत गेल्यावर उरत होता तो अखेरचा भाव. 1976 च्या कायद्याने गाय संरक्षित होती, पण निरुपयोगी ठरलेला बैल दाखला घेऊन विकता येत होता. मार्च 2015 मध्ये राष्ट्रपतींच्या संमतीने आलेल्या दुरुस्तीने तोही मार्ग बंद केला. बैलाच्या कत्तलीला पाच वर्षांपर्यंत कैद ठेवली आणि कत्तलीसाठी राज्याबाहेर नेण्यासही मनाई केली. शेजारच्या गोव्यात 1978 चा कायदा गाईला संरक्षण देतो, बैलाला मात्र तेथे दाखल्यावर मोकळीक आहे. पण बांद्यापलीकडचा तो बाजार सिंधुदुर्गातील शेतकऱ्याला आता गुन्हा आहे. 2025 च्या जुलै-ऑगस्टमध्ये रस्त्यावरील छळाला कंटाळून राज्यातील कुरेशी समाजाने जनावरांची खरेदी-विक्रीच थांबविली, तेव्हा बाजार ओस पडले आणि झळ लागली ती ज्यांच्या दावणीला भाकड जनावर उभे होते त्या शेतकऱ्यांना. कायदा करणाऱ्यांनी गाईचे रक्षण केले असेल, पण गोऱ्ह्याचे मोल उणे करून ठेवले. आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना, अशी ही अवस्था आहे. रात्री महामार्गावर बसलेली मोकाट गुरे हा या धोरणाचा हिशेब आहे.

प्रा. वि. म. दांडेकर यांनी 1960 च्या दशकातच बजावले होते की गुरांच्या संख्येचा प्रश्न माणसाने डोळसपणे सोडविला नाही तर तो उपासमार सोडवील. त्याच कणकवलीजवळ गोपुरीत कोकणगांधी अप्पासाहेब पटवर्धन यांनी मेलेल्या जनावराच्या कातड्याचे काम प्रतिष्ठेचे मानून केले. त्यांची गोसेवा जमाखर्चाला घाबरत नव्हती. आजची गोसेवा कशी आहे? 30 सप्टेंबर 2024 रोजी राज्य सरकारने देशी गाईला ‘राज्यमाता-गोमाता’ घोषित केले आणि गोशाळांना गाईमागे दिवसाला पन्नास रुपये देण्याचे ठरविले. वर्षाला हे अठरा हजार दोनशे पन्नास रुपये होतात. तीच गाय शेतकऱ्याच्या गोठ्यात असेल तर तिच्यासाठी एक पैसाही नाही. म्हणजे गाय शेतकऱ्याने पोसावी तर ती जनावर, सोडून द्यावी आणि संस्थेने उचलावी तर ती माता! सोडण्याला बक्षीस आणि सांभाळण्याला दंड, असे हे मातृप्रेम आहे.

धान्य चढते ते आभाळातून नव्हे. मोटारींच्या इंधनात वीस टक्के इथेनॉल मिसळण्याचे ध्येय सरकारने 2030 वरून 2025 वर आणले. डिसेंबर 2023 मध्ये उसाच्या रसावर निर्बंध आल्यावर आसवन्या मक्याकडे वळल्या आणि वर्षानुवर्षे मका निर्यात करणारा हा देश 2024 मध्ये मक्याचा आयातदार झाला. जानेवारी 2025 मध्ये अन्न महामंडळाचा तांदूळ इथेनॉलसाठी क्विंटलला 2,250 रुपयांनी, म्हणजे किलोला साडेबावीस रुपयांनी देण्याचे ठरले. मक्याचा चोथा पशुखाद्यात परत येतो, असे समर्थक सांगतात, आणि ते खरेही आहे. परंतु तो येतो कारखान्याच्या दारी, वाडीच्या दारी नव्हे. 2025 च्या अखेरीस मका हमीभावाखाली घसरला, याकडेही बोट दाखविले जाईल. मात्र मका उतरला म्हणून विकलेली कालवड गोठ्यात परत येत नाही. कालवडीची गाय व्हायला तीन वर्षे लागतात, बाजार उलटायला तीन आठवडे पुरतात.

काही मित्र म्हणतील, धान्याचे भाव चढले तर शेतकऱ्याचे भलेच आहे, समाजवाद्यांनी त्याविरुद्ध का बोलावे? शेतकऱ्याला धान्याचा रास्त भाव मिळालाच पाहिजे, 2025-26 साठी भाताला ठरलेले 2,369 रुपयेही पुरेसे नाहीत. पण सिंधुदुर्गातील बहुसंख्य लहान शेतकरी वर्षातून एकदा थोडे भात विकतो आणि बाराही महिने पेंड विकत घेतो. त्याच्या दृष्टीने हमीभाव आणि महागाई एक नव्हेत. रास्त भाव सरकारच्या तिजोरीतून आणि मधल्या नफ्यातून यावा, वासराच्या तोंडातून नव्हे. या भेदावर ज्याची पकड नाही, तो एका सभेत भाव मागतो आणि दुसऱ्या सभेत स्वस्ताई मागतो, आणि दोन्हीकडे हसे करून घेतो.

म्हणून मागण्या स्पष्ट हव्यात. मोटारीच्या टाकीला ज्या दराने सरकार तांदूळ देते, त्याच दराने धान्य आणि कोंडा दूधसंस्थांमार्फत लहान गोठ्यांना मिळाला पाहिजे. गोशाळेला पन्नास रुपये असतील तर जनावर सांभाळणाऱ्या शेतकऱ्यालाही तेवढेच मिळाले पाहिजेत. ते द्यायचे नसतील तर 2015 ची बैलबंदी मागे घ्यावी, अथवा भाकड जनावर राज्याने रास्त भावाने विकत घ्यावे. वासरू सहा महिन्यांचे होईपर्यंत संगोपनभत्ता, तोही गोठा सांभाळणाऱ्या बाईच्या नावे, द्यावा. गावच्या सड्यांची आणि गायरानांची विक्री थांबवावी आणि शिमग्यापूर्वी तालुक्यात चाऱ्याची साठवण व्हावी.

यांतील एकही मागणी क्रांतिकारक नाही. साध्या हिशेबाच्या या गोष्टी आहेत. कार्यकर्त्यांनी पुढच्या महागाईविरोधी मेळाव्याआधी आपल्या गावातील दहा गोठे फिरावेत आणि प्रत्येक ठिकाणी तीनच प्रश्न विचारावेत: पोत्याला काय पडले, दुधाला काय मिळाले, वासराचे काय झाले? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे चटकन मिळतील. तिसऱ्यावर बाई गप्प बसेल. महागाईविरोधी लढ्याला त्या गप्प बसण्याचा अर्थ सभेत सांगता आला पाहिजे.