टिनटिनच्या चंद्रावरचा बर्फ आणि चांद्रयानाचे पाणी

चंद्रावरील पाण्याविषयी नवी बातमी आली की एक जुनी आठवण हमखास निघते. १९५४ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झालेल्या 'एक्स्प्लोरर्स ऑन द मून' या चित्रकथेत टिनटिन चंद्रावरच्या एका गुहेत शिरतो आणि तिथे त्याला बर्फ आढळतो. चांद्रयान-१ ने टिपलेल्या पाण्याच्या खुणा जगापुढे आल्या त्या २००९ साली, म्हणजे पंचावन्न वर्षांनंतर. यावरून 'शास्त्रज्ञांच्या कितीतरी आधी एका चित्रकाराने हे ओळखले होते' असा निष्कर्ष मोठ्या कौतुकाने काढला जातो. या चित्रकथेवरचे प्रेम समजण्याजोगे आहे. निष्कर्ष मात्र चुकीचा आहे, आणि ही चूक वाटते तितकी निरुपद्रवी नाही.

बेल्जियमचे चित्रकार जॉर्ज रेमी, म्हणजेच 'एर्जे', यांनी ही चांद्रकथा १९५० ते १९५३ या काळात 'टिनटिन' साप्ताहिकातून क्रमशः प्रसिद्ध केली. पुढे तिची 'डेस्टिनेशन मून' आणि 'एक्स्प्लोरर्स ऑन द मून' अशी दोन पुस्तके झाली. भारतातील एका पिढीने ती ग्रंथालयांतल्या इंग्रजी प्रतींमधून वाचली. बंगालमध्ये 'आनंदमेला'ने टिनटिनला घरोघरी नेले, आणि स्नोई हा कुत्रा तिथे 'कुट्टुश' झाला. शाळकरी वयात या पुस्तकांनी झपाटलेले वाचक आज ती पुन्हा उघडतात तेव्हा लाल-पांढऱ्या चौकड्यांचे ते रॉकेट पूर्वीइतकेच मोहक दिसते. मात्र आता त्या चित्रांतील विज्ञान तपासून पाहण्याची साधनेही हाती असतात.

या तपासणीत पुस्तक बऱ्याच अंशी खरे उतरते. एर्जे यांनी प्राणिशास्त्रज्ञ बर्नार्ड ह्यूव्हेलमन्स यांची मदत घेतली, अलेक्झांडर अनानॉफ यांच्या अंतराळप्रवासावरील ग्रंथाचा आधार घेतला आणि रॉकेटचे तपशीलवार प्रारूप तयार करवून घेतले. स्पुटनिक अवकाशात जाण्याच्या आधीचा हा काळ आहे, हे ध्यानात ठेवले पाहिजे. कथेतील रॉकेटचे अणुइंजिन प्रवासभर चालू असते. त्यामुळे निम्म्या वाटेपर्यंत वेग वाढत जातो, मग रॉकेट उलटे फिरते आणि उरलेल्या वाटेत वेग कमी होत जातो. इंजिन चालू असेतो प्रवाशांना वजन जाणवते. ते चुकून बंद पडताच सगळे तरंगू लागतात आणि कॅप्टन हॅडॉकच्या पेल्यातील व्हिस्कीचा गोळा होतो. हे सारे भौतिकशास्त्राला धरून आहे.

विद्यार्थ्यांनी येथे कागद-पेन्सिल घ्यावी. चंद्राचे अंतर सुमारे ३,८४,००० किलोमीटर आहे. पृथ्वीच्या गुरुत्वीय त्वरणाइतक्याच त्वरणाने निम्मे अंतर कापले आणि उरलेल्या निम्म्या अंतरात तितक्याच प्रमाणात वेग कमी केला, तर एकूण वेळ सुमारे साडेतीन तास येतो. चांद्रयान-३ ला उड्डाणापासून चंद्रावर उतरेपर्यंत चाळीस दिवस लागले. हा फरक का पडतो? आजची रासायनिक इंजिने काही मिनिटे जळतात आणि पुढचा बहुतेक प्रवास इंजिन बंद ठेवूनच होतो. इंधनात काटकसर हवी असेल तर कक्षा टप्प्याटप्प्याने वाढवत जावे लागते. एर्जे यांनी ही अडचण अणुइंजिन कल्पून सोडवली, आणि तसे इंजिन आजही कोणाकडे नाही. म्हणजे नियम बरोबर आणि यंत्र काल्पनिक, असा हा मामला आहे. उत्तम विज्ञानकथेकडून याहून अधिक अपेक्षा ठेवण्याचे कारण नाही.

कथेतील सर्वांत गंभीर प्रसंगही गणितावर उभा आहे. प्राणवायूचा साठा चार माणसांपुरता असतो आणि यानात निघतात सात जण. दोघे चुकून राहिलेले, तर एक हेर म्हणून लपलेला. चौघांना चौदा दिवस पुरणारा साठा सात जणांना आठच दिवस पुरेल, हा हिशेब कोणतेही शौर्य बदलू शकत नाही. अखेर वुल्फ हा अपराधी ठरलेला अभियंता इतरांना वाचवण्यासाठी स्वतःहून यानाबाहेर पडतो. माणसाला दिवसाला साधारण ०.८४ किलोग्रॅम प्राणवायू लागतो. तीन अंतराळवीरांच्या दलासाठी आखलेल्या गगनयान मोहिमेतही जीवनरक्षक प्रणालीचा प्रश्न मुळात हाच आहे.

मग बर्फाचे काय? कथेतील रॉकेट उतरते हिप्पार्कस या विवरात. ते चंद्राच्या विषुववृत्तापासून जेमतेम साडेपाच अंश दक्षिणेला आहे. त्या पट्ट्यात दुपारी पृष्ठभाग सुमारे १२० अंश सेल्सियसपर्यंत तापतो. गुहेत तापमान सौम्य असेल, हे खरे. चंद्रावरील अशाच एका खोल विवराच्या सावलीतील तापमान सुमारे १७ अंश असावे, असे २०२२ सालच्या एका अभ्यासात दिसले. पण एवढ्या तापमानाला निर्वातात बर्फ टिकत नाही. म्हणजे बर्फ जिथे दाखवला आहे तिथे तो असण्याचे कारण नाही, आणि जिथे तो असू शकतो तिथे टिनटिन गेलेलाच नाही.

खरे भाकीत झाले ते १९६१ साली. केनेथ वॉटसन, ब्रूस मरे आणि हॅरिसन ब्राउन या तीन शास्त्रज्ञांनी चंद्राच्या ध्रुवांजवळ बर्फ टिकून राहू शकेल असे दाखवले. चंद्राचा अक्ष जेमतेम दीड अंश कललेला असल्यामुळे तेथील काही विवरांच्या तळाशी सूर्यप्रकाश कधीच पोहोचत नाही. अशा ठिकाणी तापमान इतके खाली राहते की बर्फ अब्जावधी वर्षे उडून जाणार नाही. कुठे शोधावे, का शोधावे आणि न सापडल्यास काय चुकले असे समजावे, या तिन्ही गोष्टी त्या भाकितात होत्या. चित्रकथेतील बर्फात यांपैकी एकही नाही.

त्यानंतरचा प्रवासही संथ आणि खडतर होता. अपोलो मोहिमांनी आणलेले खडक कोरडे वाटले, त्यामुळे चंद्र कोरडाच असा समज दृढ झाला. २२ ऑक्टोबर २००८ रोजी चांद्रयान-१ निघाले. त्यावरील नासाच्या 'मून मिनरॉलॉजी मॅपर' या उपकरणाने चंद्रावरून परावर्तित होणाऱ्या प्रकाशाचे पृथक्करण केले. सुमारे ३ मायक्रोमीटर तरंगलांबीजवळचा प्रकाश शोषला जात असल्याचे दिसले, आणि ही पाणी किंवा हायड्रॉक्सिल यांची खूण होती. संशोधकांनी लगेच जल्लोष केला नाही. कॅसिनी आणि डीप इम्पॅक्ट या दुसऱ्या दोन यानांच्या नोंदींतही तीच खूण आढळली, आणि सप्टेंबर २००९ मध्ये तिन्ही निष्कर्ष प्रसिद्ध झाले. चांद्रयान-१ च्याच नोंदींच्या नव्या विश्लेषणातून ध्रुवांजवळच्या सावलीतील बर्फाचा थेट पुरावा २०१८ साली पुढे आला. २०२३ साली चांद्रयान-३ च्या विक्रमने जमिनीत तापमापक खुपसला, तेव्हा वरचा थर तापलेला असताना अवघ्या आठ सेंटिमीटरवर तापमान उणे १० अंशांच्या आसपास आढळले. 'चंद्रावर पाणी आहे' या तीन शब्दांच्या वाक्यामागे अशी शेकडो मोजमापे उभी असतात.

'चित्रकाराने आधीच सांगितले होते' असे म्हटल्याने या सगळ्या कष्टांची किंमत शून्य ठरते. जणू उत्तर ठाऊकच होते, शास्त्रज्ञांनी केवळ शिक्का मारला. हीच विचारसरणी आपल्याकडे अधिक गंभीर रूपात भेटते. २०१५ साली मुंबईत भरलेल्या भारतीय विज्ञान काँग्रेसमध्ये प्राचीन भारतात विमाने होती असा दावा व्यासपीठावरून केला गेला. वस्तुतः बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पाच संशोधकांनी १९७४ सालीच 'वैमानिक शास्त्र' या ग्रंथातील रचना तपासल्या होत्या. त्या उडू शकणार नाहीत आणि ग्रंथ विसाव्या शतकातील आहे, असा त्यांचा निष्कर्ष होता. त्यांनी ग्रंथाची टवाळी केली नाही, त्यातील रचना गणिताने पडताळल्या. पुराणातील विमान असो वा चित्रकथेतील बर्फ, कसोटी एकच असली पाहिजे. कल्पनेला कल्पना म्हणून मान द्यावा, शोधाचे श्रेय मात्र मोजणाऱ्याला द्यावे.

यावर असा आक्षेप येईल की इतक्या काटेकोरपणाने मुलांचा आनंद हिरावला जाईल. अनुभव याच्या उलट आहे. चित्रातली चूक शोधून काढण्यात मुलांना जितका आनंद होतो तितका धडा पाठ करण्यात कधीच होत नाही. शिवाय या पुस्तकाला तपासणीची भीती नाही. त्यातील बर्फ चुकला, पण गुहेची कल्पना फसली नाही. चांद्रयान-१ च्या छायाचित्रांत अहमदाबादच्या संशोधकांना लाव्हाच्या प्रवाहाने तयार झालेला एक न कोसळलेला बोगदा आढळला, आणि भावी चांद्रवसाहतीसाठी अशा जागा उपयोगी पडतील असे त्यांनी सुचवले. ही सुद्धा भविष्यवाणी नव्हे. पण कोणता अंदाज टिकला, कोणता पडला आणि का, हे शोधताना चंद्राचा भूगोल आपोआप शिकून होतो.

म्हणून ज्या शाळेच्या कपाटात ही दोन पुस्तके असतील, तेथील शिक्षकांनी ती खाली काढावीत. मुलांनी ती आधी नुसती वाचावीत, हसावे, वुल्फसाठी हळहळावे. मग प्रत्येकाने एक पान निवडून त्यावरचे विज्ञान तपासावे. एर्जे यांनी स्वतः चित्र काढण्यापूर्वी ग्रंथ चाळले, जाणकारांना विचारले, प्रारूप करून पाहिले. त्यांना भविष्यवेत्ता ठरवण्यापेक्षा त्यांची ही सवय उचलणे, हाच त्यांचा खरा सन्मान होईल.