धंदा कुस्तीसारखा नाही, नेमबाजीसारखा करा

"सर, आठ महिने झाले दुकान टाकून. माझ्यानंतर ज्यानं सुरू केलं त्यानं दुसरी शाखा पण काढली. माझं काय चुकतंय?"

दर बॅचमध्ये हा प्रश्न येतोच. मी आधी वही मागतो. रोजची विक्री, खरेदी, उधारी बघतो. बऱ्याचदा वही ठीक असते. हळूहळू वाढणारा साधा धंदा असतो. पण विचारणाऱ्याचा चेहरा मात्र दिवाळं निघाल्यासारखा.

मित्रांनो, आपल्या कोल्हापूरची एक सवय आहे. आपण सगळ्याकडं कुस्तीच्या डोळ्यांनी बघतो. समोरच्याला चितपट केल्याशिवाय आपल्याला जिंकल्यासारखं वाटतच नाही. खासबागेत ते शोभतं. पण माझं स्पष्ट मत आहे, पहिली तीन वर्षं तरी धंदा हा नेमबाजीसारखा करायचा खेळ आहे. आणि नेमबाजीत पण आपला जिल्हा काही कमी नाही.

राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे तुम्हाला माहीतच आहे. १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये त्यानं कांस्यपदक घेतलं. कोल्हापुरात मिरवणूक निघाली, सरकारनं एक कोटी जाहीर केले, आणि आपण सगळ्यांनी स्टेटस ठेवले. पण त्या दिवसाच्या मागचा हिशेब किती जणांनी बघितला?

२००९ मध्ये वडिलांनी त्याला क्रीडा प्रबोधिनीत घातलं. पुढं त्यानं नेमबाजी निवडली. म्हणजे पदकापर्यंत पंधरा वर्षं. २०१५ पासून तो रेल्वेत टीसी होता. नोकरी चालू, सराव चालू. टोकियो ऑलिंपिकच्या संघात त्याला जागा मिळाली नाही. २०२२ च्या कैरोच्या जागतिक स्पर्धेत चौथा आला. त्यातून देशाला ऑलिंपिकचा कोटा मिळाला, पण त्याच्या गळ्यात पदक नाही. २०२३ मध्ये हांगझोच्या आशियाई स्पर्धेत सांघिक सुवर्ण मिळालं, पण वैयक्तिक फायनलमध्ये पदक हाताशी असताना एक शॉट ७.६ चा गेला आणि तो पुन्हा चौथा.

त्याच पॅरिसमध्ये भारताच्या संघात मनू भाकर होती. वय २२, दुसरं ऑलिंपिक, आणि स्वप्नीलच्या फायनलच्या आधीच तिच्या नावावर दोन पदकं. स्वप्नीलला २९ पूर्ण व्हायला पाच दिवस बाकी होते आणि हे त्याचं पहिलं ऑलिंपिक. तुलनाच करत बसला असता तर रायफल उचलायच्या आधीच हरला असता की नाही?

पात्रता फेरीत तो सातवा आला. आठ जण फायनलला जातात. फायनलमध्ये गुडघ्यावर बसून मारायची फेरी संपली तेव्हा तो सहावा होता, झोपून मारायच्या फेरीनंतर पाचवा, आणि उभं राहून मारायच्या फेरीत तिसरा. नंतर तो म्हणाला की आपण स्कोअरबोर्डकडं बघत नव्हतो. ४५१.४ गुण असे झाले, एकेक शॉट करून.

नेमबाजीत प्रत्येकाची लेन वेगळी, टार्गेट वेगळं. शेजारचा तुमच्या टार्गेटला हात लावू शकत नाही आणि तुम्ही त्याच्या. शेजारच्याला १०.८ पडला म्हणून तुमचा शॉट बिघडत नाही, तुम्ही तिकडं बघितलं म्हणून बिघडतो. आणि आपल्याच तेजस्विनी सावंतचं बघा. २०१० मध्ये म्युनिकला ती जगज्जेती झाली आणि पहिलं ऑलिंपिक खेळली टोकियोला, २०२१ मध्ये, चाळिसाव्या वर्षी. मधली अकरा वर्षं ती लेनवर उभीच होती.

आता आपल्या गल्ल्यावर येऊ. माझं पॅकिंग मटेरियलचं दुकान आहे. पाऊच, डबे, टेप, स्टिकर. त्यामुळं नवा धंदा सुरू करणारा माणूस मला पहिल्या महिन्यात दिसतो. एक ताई कांदा-लसूण मसाला करतात. तिसऱ्या महिन्यातच म्हणाल्या, मला छापील पाऊच पाहिजेत. का? तर इन्स्टाग्रामवर दुसऱ्या एका मसालेवाल्याचे छापील आहेत. आता छापील पाऊचला प्रत्येक रंगाचा वेगळा सिलेंडर करावा लागतो, आणि माल हजारांच्या हिशेबात उचलावा लागतो. म्हणजे मिरची घ्यायचे पैसे प्लास्टिकमध्ये अडकले. मी त्यांना साधे पाऊच आणि स्टिकर दिले. माझा त्यात धंदा कमी झाला, ते सोडा. वर्षभरात त्यांनी पाकिटाचं वजन बदललं, मग कामाची जागा बदलली, पत्ता बदलला. दोन्ही वेळा फक्त स्टिकर नवीन करावे लागले.

तुलनेचा खरा खर्च हा असा असतो. तो नुसता मनाला लागत नाही, खात्यातून जातो. मुद्रा कर्जाचं पण तेच. गरज शिशूची, म्हणजे ५० हजारांच्या आतली. पण शेजाऱ्यानं किशोरमधून चार लाख उचलले म्हणून आपण पण उचलायचे. हप्ता मात्र पुढच्या महिन्यापासून आपल्याच खात्यातून जाणार. शेजारी भरायला येत नाही.

कुणी म्हणेल, सर, समोरच दुकान पडलं आणि त्यानं रेट पाडला तर काय लेनमध्ये उभं राहायचं? नाही. त्याचा रेट माहीत पाहिजे, माल हातात घेऊन बघितला पाहिजे. तेवढी कुस्ती करावीच लागते. पण तालमीत तरी काय होतं? वस्ताद आधी जोड बघतो. नवख्या पोराला पहिल्याच महिन्यात मोठ्या पैलवानाच्या अंगावर सोडत नाही. तुम्ही ज्याच्याशी तुलना करताय त्याचं वजन कधी काढलं का? त्याची जागा स्वतःची आहे का भाड्याची? त्याला व्यापारी महिन्याच्या उधारीवर माल देतो का रोखीनं? त्याच्या घरचा किराणा धंद्यातून येतो का बायकोच्या पगारातून? रीलमध्ये यातलं काहीच दिसत नाही. तिथं फक्त शाखेची फीत कापताना दिसते.

आणि एक गोष्ट कडक सांगतो, कारण संयम हा शब्द आळशी माणसाला फार आवडतो. स्वप्नील पंधरा वर्षं वाट बघत बसला नव्हता, सराव करत होता. वर्ष झालं, आणि तुमच्या विक्रीवरच्या नफ्यातून दुकानाचं भाडं पण सुटत नसेल, तर थांबून उपयोग नाही. माल बदला, जागा बदला, भाव बघा.

स्वतःशी तुलना करताना पण जरा डोकं लावा. मे महिन्याची तुलना जूनशी करू नका. मसाल्याचा सीझन उन्हाळ्यात, कपड्याचा लग्नसराईत आणि दिवाळीत, रेनकोटवाल्याचा आणखी वेगळा. या वर्षीचा जून गेल्या वर्षीच्या जूनशी लावा. धंद्याला वर्ष झालं नसेल तर रोज रात्री तीन आकडे लिहा: आजची विक्री, आज परत आलेली जुनी गिऱ्हाईकं, आणि बाहेर अडकलेली उधारी. पहिला आकडा सगळेच लिहितात. मी आधी दुसरा बघतो. जुनं गिऱ्हाईक परत येतंय म्हणजे नेम बसायला लागलाय.

पुढच्या व्हिडिओत या तीन आकड्यांची वही भरून दाखवतो. तोपर्यंत आजपासूनची पानं लिहून ठेवा. आणि छापील पाऊच कधी परवडतात याचा हिशेब पाहिजे असेल तर तेही सांगा, दुकानातलेच रेट घेऊन करू.